फायबरची केबल घरात नीटनेटकी कशी आणावी?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात फायबर बसवायला माणसं येणार आहेत. मागच्या घरचा प्रकार पुन्हा नको, म्हणून आधीच विचारतेय. तिथे केबल सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतली होती. खिडकी पूर्ण लावली की मोडेमच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकायचा आणि नेट बंद. बोटभर उघडली की चालू. अख्खा पावसाळा ती खिडकी उघडी ठेवून काढला. आता भिंतींना नुकताच रंग दिलाय. भोक कुठे पाडायला सांगू? लाइटच्या पाइपातून केबल नेली तर चालेल का?

उत्तर
ताई, मी बरीच वर्षं स्प्लाइसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं काम करतो. खिडकीत तुमची केबल तुटली नव्हती, चेपली जात होती. केबलच्या आत प्रकाश वाहून नेणारी काचेची तार असते, ती कव्हरसकट जेमतेम पाव मिलिमीटर जाड. ती दबली किंवा तीव्र वळली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. घरात ‘जी ६५७ ए२’ जातीची केबल मागा, ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचं वळण सोसते. साधी ‘जी ६५२’ असेल तर ३० मिलिमीटर धरा. तरीही कोपऱ्यात काटकोन करू नका, गोलाई ठेवा.

भोक आतून बाहेर पाडायला सांगा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवायला लावा, म्हणजे पाणी आत येणार नाही. भोकाच्या खाली केबलला एक झोळ द्यायचा, पाऊस तिथून ठिबकून जातो. मग सिलिकॉन भरा. ड्रिल चालवण्याआधी त्या रेषेत लाइटची वायर किंवा नळ नाही ना, हे बघाच.

लाइटच्या पाइपातून नको. प्रकाशाला विजेचा त्रास होत नाही, हे खरं. पण बऱ्याच ड्रॉप केबलमध्ये (खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये) ताण सोसायला पोलादी तार असते, तिच्यातून करंट येऊ शकतो. वेगळा पाइप रिकामा असेल तर आत्ताच त्यात ओढायची दोरी घालून ठेवा. नसेल तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी, भिंतीच्याच रंगात रंगवलेली.

उत्तर
डबा कुठे बसणार ते तुम्ही ठरवा, त्यांच्यावर सोडू नका. आमच्याकडे दाराजवळ सोपं पडतं म्हणून तिथेच लावला, आणि आतल्या खोलीत वायफाय पोचतच नाही. घराच्या मधोमध, उंचावर, प्लगजवळ.

प्रश्नकर्तीकडून
खूप आभार! केबल जास्तीची उरली तर कापायला सांगू का?

उत्तर
अजिबात नको. मीटर-दोन मीटर राहू द्या, पसरट वेटोळं करून टर्मिनेशन बॉक्समध्ये (केबल जिथे संपते त्या भिंतीवरच्या डबीत) ठेवा. उद्या टोक खराब झालं तर तेवढ्यावर नवीन जोड करता येतो. त्या वेटोळ्याला झिप टाय करकचून आवळू देऊ नका, वेलक्रो वापरा. आणि हिरव्या कनेक्टरमध्ये निळा घालू देऊ नका. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बसतं, पण सिग्नल पडतो.

प्रश्नकर्तीकडून
काम झालं! जाण्याआधी त्यांना प्रकाशाची ताकद मोजायचा मीटर लावायला लावला, उणे १९ डीबीएम (त्या ताकदीचं एकक) आलं. मग घरातल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून पुन्हा बघायला सांगितलं. आकडा हलला नाही.

उत्तर
उणे १९ म्हणजे छान. आकडा पट्टीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढे कधी नेट अडखळलं तर तुलना करता येईल.