निबंधावर 'हा सारांश झाला' असा शेरा आलाय. मग वाचायचं तरी कसं?

कोरी_वही
बी.एस्सी. करून साहित्याच्या एम.ए.ला आले आहे. लहानपणापासून हातात पडेल ते वाचत आले, म्हणून वाटलं निभेल. पहिल्याच निबंधात एका कथेवर चार पानं लिहिली. समासात लाल शाईत शेरा: 'हा सारांश झाला. वाचन कुठे आहे?' तीनदा वाचली होती हो ती कथा! वर्गात बाकीचे 'संहिता', 'निवेदक', 'अवकाश' म्हणतात, मी मान डोलावते. समीक्षा उघडली की त्यातलं सगळंच पटतं आणि मला सांगण्यासारखं काही उरत नाही. आधी सिद्धान्त वाचू की साहित्यकृती?

तिसरा_बाक
सिद्धान्त. त्याशिवाय परीक्षेत गुण नाहीत, अनुभवाचे बोल.

समासातली_पेन्सिल
वरच्यांशी असहमत. बरीच वर्षं शिकवलंय, असे शेरे मीही मारलेत (लाल शाईने नाही, पेन्सिलीने. खोडता येतात).

तुम्ही एकट्या नाही. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्याकडून अभिप्राय लिहून घेतले. त्यांतल्या तेरा कवितांवरचं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. चांगली शिकलेली मुलं, पण अनेकांना ओळींचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता. कविता समोर असताना ती बाजूला ठेवून स्वतःच्या ठरीव भावनांवरच पुष्कळांनी लिहिलं होतं.

आता कामाचं. अख्खी कथा चौथ्यांदा वाचू नका. अडलेला किंवा आवडलेला एकच परिच्छेद घ्या आणि हाताने उतरवून काढा. डोळा शब्दांवरून घसरतो, हात घसरत नाही. मग एकेका शब्दाला विचारा, तू नसतास तर काय बिघडलं असतं?

'तो आला. बसला.' आणि 'तो येऊन बसला.' घटना एकच. पहिल्यात दोन क्रियांमध्ये एक थांबा आहे, त्या थांब्यात खोलीतले सगळे त्याच्याकडे बघतायत. दुसऱ्यात कोणाच्या तरी कपाळावर आठी आहे. किंवा 'आई झोपली असावी' घ्या. त्या 'असावी'मुळे कळतं की सांगणाऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही. झाला की तुमचा 'निवेदक'! शब्द मागाहून कळला तरी चालतं.

आणि समीक्षा उघडण्यापूर्वी स्वतःची दहा वाक्यं लिहून ठेवा. चुकीची असली तरी. भांडायला तुमच्याकडे काहीतरी हवं ना.

घोषवासी
पेन्सिल म्हणतात तेच आपल्याकडे फार आधी होऊन गेलंय. 'गंगायां घोषः' हे काव्यशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. घोष म्हणजे गवळ्यांची वस्ती. गंगेत वस्ती कशी असेल? अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, इथे अडली. म्हणून लक्षणेनं, म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेल्या अर्थाकडे वळून, 'गंगेच्या काठी' असं समजायचं. पण मग सरळ 'काठी' का नाही म्हटलं? कारण 'गंगेत' म्हटल्यावर प्रवाहाचा गारवा आणि पावित्र्य वस्तीपर्यंत पोचतं, ती व्यंजना, म्हणजे न सांगता सुचवलेलं. सारांशात 'काठी' तेवढं उरतं. तुमच्या निबंधातही तेच झालं असणार.

तिसरा_बाक
बरं, सिद्धान्त दुसऱ्या सत्रात वाचा. पण वाचा. नाहीतर 'मला असं वाटलं'च्या पुढे गाडी जात नाही.

समासातली_पेन्सिल
हे मात्र मान्य.

कोरी_वही
काल रात्री एक पान उतरवलं. वडील पहिल्या भागात 'बाबा' आहेत. आजारपण सुरू झाल्यापासून फक्त 'ते'. पुन्हा 'बाबा' एकदाच येतं, तेही शेजारीण विचारते तेव्हा, तिच्या तोंडी. तीनदा वाचून हे दिसलं नव्हतं. पण एवढ्याशा गोष्टीवर चार पानं कशी भरू?

समासातली_पेन्सिल
सांगणारी मुलगी आहे की मुलगा? 'बाबा' नेमकं कुठल्या वाक्यानंतर बंद होतं? ते वाक्य इथे टाका.