निर्धास्त, निर्धोक, सुरक्षित : पावसाळ्याच्या पत्रकात कोणता शब्द कुठे?

मुठेकाठी
पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचे पावसाळी सूचनापत्रक लिहायचे आहे. मसुद्यातले पहिलेच वाक्य असे : ‘सर्व रहिवाशांना सुरक्षित वाटावे यासाठी प्रत्येकाने सतर्क राहावे व सुरक्षेची काळजी घ्यावी.’ वाचताना कुठेतरी अडखळायला होते. ‘सुरक्षित वाटणे’ हा प्रयोग चालेल का? ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ यांत फरक काय? आणि ‘सतर्क’ऐवजी घरातल्या आजी-आजोबांना चटकन कळेल असा शब्द हवा आहे.

अन्वय
आधी ‘वाटणे’ पाहू. ‘मला हा रस्ता सुरक्षित वाटतो’ आणि ‘मला या रस्त्यावर सुरक्षित वाटते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात ‘रस्ता’ कर्ता आहे, क्रियापद त्याच्याप्रमाणे चालते आणि अर्थ ‘माझ्या मते रस्ता सुरक्षित आहे’ एवढाच. दुसऱ्यात कर्ता नाहीच. बरे वाटते, हायसे वाटते, एकटे वाटते, कसेसे वाटते या ओळीतले ते वाक्य आहे. हा साचा अस्सल मराठी आहे, त्यात ‘सुरक्षित’ हे विशेषण तेवढे नवे बसले आहे. त्यामुळे प्रयोगाला चूक म्हणता येत नाही. अडचण अर्थाची आहे. ‘सुरक्षित’ म्हणजे ज्याचे रक्षण झालेले आहे ते. ती बाहेरची स्थिती झाली, आणि पत्रकात तुम्ही मनाबद्दल बोलताय. मनासाठी मराठीत ‘निर्धास्त’ आहे.

जाता जाता : ‘सुरक्षीत’ असे दीर्घ लिहू नका. रक्षित, लिखित, कथित यांच्यासारखा ऱ्हस्व ‘क्षि’.

पेठेतली_बखर
‘निर्धास्त’बद्दल सहमत, पण त्याचे कुटुंब नीट पाहायला हवे, कारण पत्रकात यातला चुकीचा शब्द पडला तर सूचना उलटी होते.

निर्धास्त माणूस असतो, निर्धोक जागा किंवा वस्तू असते. ‘पूल निर्धोक आहे, तुम्ही निर्धास्त जा’ या वाक्यात दोन्ही आपापल्या जागी आहेत. ‘निर्धास्त पूल’ कोणी म्हणत नाही. ‘बिनधोक’ बहुधा क्रियाविशेषण म्हणून येतो : बिनधोक या, बिनधोक वापरा. ‘बिनधास्त’ मात्र घडणीने निर्धास्तचाच भाऊ असला तरी आज त्याला धिटाईचा, थोडा बेपर्वाईचाही रंग आहे. ‘लिफ्ट बिनधास्त वापरा’ असे लिहिले तर चार माणसांच्या लिफ्टमध्ये सात जण शिरतील.

‘निश्चिंत’ त्याहून व्यापक. कर्ज फिटले की माणूस निश्चिंत होतो. तिथे निर्धास्त चालत नाही, कारण धास्ती ही पुढे काही वाईट घडेल या भीतीची असते. आणि ‘निर्धास्त’च्या मागे कोणीतरी केलेली तजवीज गृहीत असते. ‘तुम्ही निर्धास्त राहा’ असे बोलणारा ‘मी आहे’ किंवा ‘मी बघतो’ हे जोडतोच, निदान मनात तरी. तजवीज काहीच नाही आणि भीतीही नाही, तर तो माणूस बेफिकीर. म्हणून पत्रकात ‘निर्धास्त राहा’ लिहायचे असेल तर सोसायटीने काय तजवीज केली आहे ते त्याच वाक्यात आले पाहिजे.

अन्वय
सुरक्षा/सुरक्षितता थोडक्यात : सुरक्षा ही व्यवस्था, सुरक्षितता ही त्या व्यवस्थेतून आलेली स्थिती. सुरक्षा वाढवतात, सुरक्षितता धोक्यात येते. ‘संरक्षण’ला समोर कोणीतरी लागते, मग तो शत्रू असो, चोर असो वा पाऊस. ‘सुरक्षा रक्षक’मध्ये ‘रक्ष्’ दोनदा येतो. पहारेकरी किंवा रखवालदार सुटसुटीत.

जलविसर्ग
‘सतर्क राहावे’ यावर माझा खरा आक्षेप आहे. धरणातून पाणी सोडतात तेव्हा ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हे शब्द प्रत्येक निरोपात असतात. सतर्क, सावध, दक्ष, काहीही लिहा, वाचणाऱ्याने उठून नेमके काय करायचे ते त्यात नाही. आजी-आजोबांना ‘सावध’ सगळ्यांत जवळचा, तो घ्या. पण विशेषणापाशी थांबू नका, पुढे क्रियापदे द्या.

त्यासाठी आधी ‘विसर्ग’ आणि ‘क्युसेक’ या शब्दांचा उलगडा पत्रकात करा. विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेले पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेकचा निरोप आला की खडकवासला धरणातून दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी मुठा नदीत येते आहे, टँकरच्या भाषेत सेकंदाला १० हजार लिटरचे २८ टँकर. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही खडकवासल्याच्या वरची धरणे भरत आली असतील तर आकडा काही तासांत चढू शकतो, म्हणून आकड्याइतकेच ‘विसर्ग वाढवला’ की ‘कमी केला’ हे क्रियापद वाचायला शिकवा. नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल बंद झाल्याची बातमी हा तुमच्यासाठी पहिला इशारा.

मग क्रम असा लिहा. तळघरातल्या गाड्या पाणी यायच्या आधी वर आणा. पाण्यात बुडलेली गाडी चालू करून पाहू नका : इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, कारण पाणी आधी लिफ्टच्या खड्ड्यात भरते. मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर पाणी तिथवर पोचण्याआधी मुख्य खटका पाडायचा. तो कोण पाडणार त्याचा फ्लॅट क्रमांक पत्रकात छापा. पाणी पोचल्यावर त्या खोलीत कोणीही शिरू नये, महावितरणला कळवावे. गच्चीवरची टाकी आधीच भरून ठेवा. पुराचे पाणी जमिनीखालच्या टाकीत गेले असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याखेरीज पंप सुरू करू नका, नाहीतर तेच पाणी वरच्या टाकीत जाईल. तोवर प्यायचे पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले. त्या भागात हे पत्रक वाचणाऱ्यांना ‘घाबरून जाऊ नका’ लिहू नका. ‘पाणी या खुणेपर्यंत आले की हे करा’ असे लिहा आणि खूण भिंतीवर रंगवा.

पेठेतली_बखर
याला जोडून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली, तेव्हापासून पुण्यात ‘पानशेत’ हे कालगणनेचे नावही झाले : ‘पानशेतच्या आधीचा वाडा’, ‘पानशेतनंतर आलेली माणसं’. पत्रकात हा शब्द वापरताना जपून. जुन्या माणसांना तो एका शब्दात सगळे सांगतो, पण अफवेतही तोच शब्द सगळ्यांत वेगाने पळतो. धरणाबद्दल काही लिहायचे तर जलसंपदा विभागाने जाहीर केलेला आकडा आणि वेळ, एवढेच.

शेगडीवाले
पत्रकात गॅसचा भाग असणारच. त्यात ‘योग्य ती खबरदारी घ्यावी’ हे वाक्य घालू नका, ‘योग्य ती’ म्हणजे कोणती हे कोणालाच कळत नाही.

पुण्यात आता दोन प्रकारची स्वयंपाकघरे आहेत, सिलिंडरची आणि नळाच्या गॅसची, आणि दोन्हींना एकच सूचना पुरत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत पसरतो आणि मोरीत, ओट्याखालच्या कपाटात साचतो. तिथे दार उघडणे महत्त्वाचे. नळाचा गॅस हलका, तो छताकडे जातो. तिथे वरची खिडकी, झरोका उघडा हवा. गॅसला स्वतःचा वास नसतो, वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून वास आला की लगेच हालचाल करायची.

विजेचे बटण चालू करायचे नाही आणि चालू असलेले बंदही करायचे नाही. आतल्या पट्ट्या जुळतानाही ठिणगी पडते आणि सुटतानाही. लोक पहिला भाग पाळतात आणि दुसरा चुकतात : वास आला की घाबरून पंखा बंद करायला जातात. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी तोंडावर घट्ट दाबून बसवा. ती दोरी अडचण होते म्हणून कापून टाकतात, आणि नेमक्या वेळी टोपी सापडत नाही. नळाचा गॅस असेल तर कॉकची मूठ नळीला आडवी करा. नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. फोन घराबाहेर येऊनच करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. नळाच्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तो पत्रकात उतरवा.

नारिंगी नळीला लोक नुसते ‘पाईप’ म्हणतात, वितरक ‘सुरक्षा नळी’ म्हणतात. तिच्यावर तारीख छापलेली असते. ५ वर्षे झाली की बदलायची, वरून चांगली दिसली तरी. सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या बाजूलाही एक अक्षर आणि वर्ष रंगवलेले असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती मुदत टळलेले सिलिंडर दारातूनच परत करा.

मुठेकाठी
फार उपयोगी. ‘सुरक्षेची काळजी घ्यावी’ हा तुकडा राहिला. तो ठेवावा की काढावा?

अन्वय
काढा. काळजी मुलांची, तब्येतीची, झाडाची घेतात. सुरक्षा हीच मुळात काळजी घेण्याची व्यवस्था, तिची पुन्हा काळजी घेणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा.

शिवाय ‘काळजी’ हा शब्द क्रियापदावर तोललेला आहे. काळजी करणे, लागणे, वाटणे हे मनाला पोखरणारे. काळजी घेणे हे हाताचे काम. काळजी वाहणे दुसऱ्यासाठी, ‘काळजीवाहू’ तिथूनच. पत्रकात ‘काळजी करू नये’ आणि ‘काळजी घ्यावी’ ही वाक्ये शेजारी आली तर घाईत वाचणारा गोंधळतो. दोन्हींच्या जागी काम लिहा : ‘टॉर्च, औषधे आणि कागदपत्रे एका पिशवीत दाराजवळ ठेवा.’

पेठेतली_बखर
सोसायटीने काही हमी द्यायची असेल तर जुन्या कागदांतला ‘कौल’ पाहण्यासारखा आहे. गाव उठून गेले की रयतेला परत बोलावण्यासाठी राज्यकर्ते कौल देत. त्यात नुसते ‘अभय आहे’ एवढे नसे. पहिल्या वर्षी सारा किती, दुसऱ्या वर्षी किती, असा चढत जाणारा इस्तावा ठरवलेला असे. रयत त्या आकड्यांवर विसंबून परत येई. आज ‘कौल’ मतदारांचा किंवा देवाचा उरला आहे. पण तुमच्या पत्रकातही ‘व्यवस्था केली आहे’ऐवजी ‘जनरेटरला ६ तासांचे डिझेल आहे, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतील, घरातली वीज चालणार नाही’ असे असेल तर लोक खरोखर निर्धास्त होतील. काय चालणार नाही, तेही सांगा.

तिसरा_मजला
रात्रपाळीहून परतणाऱ्यांसाठी दोन ओळी घालणार असाल तर ‘सुरक्षित मार्गाने यावे’ लिहू नका. ‘उजेडाचा आणि वर्दळीचा रस्ता’ म्हणा, आणि तो कोणता ते नाव घेऊन लिहा. सामसूम बोळ जवळचा असला तरी नको. रिक्षाचा क्रमांक घरी पाठवणे, पोचल्यावर ‘सुखरूप पोचले’ एवढा निरोप, आणि अडचणीत ११२. ‘सुखरूप’ इथेच शोभतो, कारण तो प्रवास संपल्यावरचा शब्द आहे; ‘सुखरूप प्रवास करा’पेक्षा ‘जपून या’ बरे.

मुठेकाठी
शेवटची शंका. फोनवरून गंडा घालणाऱ्यांबद्दलच्या चौकटीला ‘खबरदार!’ असे शीर्षक दिले आहे. ठीक आहे का?

अन्वय
नको. एकट्या ‘खबरदार’मध्ये धमकी येते, ‘खबरदार, पुढे आलास तर’ यातली. वाचणाऱ्या रहिवाशाला आपणच दटावले जातोय असे वाटेल. ‘खबरदारी’ चालते, ‘सावधान’ कवायतीतला वाटतो. मी शीर्षक ‘पैसे गेले तर’ असे देईन, आणि खाली पहिल्याच ओळीत : लगेच १९३० ला फोन करा, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात रोखली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘लगेच’ हा शब्द ठळक छापा.