विचारल्याशिवाय हात लावायचा नाही : कॅनडातील बेघर निवाऱ्यांतले आपले अनुभव

विनिपेगमधील एका बेघर निवाऱ्यात मी चार वर्षे सपोर्ट वर्कर म्हणून रात्रपाळी करत आहे. २०२१च्या जनगणनेनुसार या शहरात मूलनिवासी लोकांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे, पण रात्री आमच्या दारात उभे राहणाऱ्या दहा जणांपैकी सात-आठ जण क्री, ओजिब्वे, डेने किंवा मेटी असतात. (‘आदिवासी’ हा शब्द मी येथे मुद्दाम टाळला आहे, कारण तो वाचला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगळेच डोंगर आणि वेगळेच कायदे उभे राहतात.) असे काम करणाऱ्या मराठी मंडळींनी सुरुवातीच्या महिन्यांत आपले काय चुकले आणि ते कोणी सुधारले, हे येथे लिहावे, अशी विनंती आहे. रहिवाशांची ओळख पटेल असा तपशील मात्र कृपया देऊ नये.

सुरुवात मीच करते. जानेवारीतली रात्र होती आणि बाहेर उणे ३५ तापमान होते. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आत आले, तेव्हा त्यांचे भिजलेले बूट गोठून कडक झाले होते. मी त्यांना खुर्चीवर बसवले, मोजे हळूच सोडवले आणि पाय टबातल्या कोमट पाण्यात ठेवले. गारठून पांढरी पडलेली बोटे चोळायची नसतात आणि पाणी कढतही घ्यायचे नसते. इथवर सगळे नीट झाले. मग ढेकणांच्या भीतीने त्यांची ओली, कुबट पिशवी उचलून मी सरळ कचऱ्यात टाकली. ते ओरडले नाहीत. ते उठले आणि तशाच ओल्या, अनवाणी पायांनी बाहेरच्या दाराकडे चालू लागले.

माझ्या ओजिब्वे सहकारी बाईंनी ती पिशवी कचऱ्यातून काढली, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली आणि ती कोठे ठेवू, असे त्यांनाच विचारले. आत लाल कापडात बांधलेला सेज ही पवित्र मानली जाणारी सुगंधी वनस्पती होती आणि स्वीटग्रास या सुगंधी गवताची एक वेणी होती. सरकार आणि चर्च मिळून चालवत असलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना ठेवण्यात आले, आणि त्यांतल्या शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. तेथे पोचताच मुलांचे घरचे कपडे काढून घेत, केस कापत आणि कित्येक ठिकाणी नावाऐवजी क्रमांक देत. हे मी प्रशिक्षणात ऐकले होते, तरीही त्या रात्री मी तेच केले. पहाटे ते गृहस्थ शिंपल्यात सेज जाळून धुरी घ्यायला बसले. अशा वेळी धुराचा अलार्म बंद केल्याची नोंद वहीत करावी लागते, म्हणून मी तेथे गेले होते. आरतीच्या ज्योतीवर हात धरून आपण ते डोळ्यांना लावतो, तसाच तो धूर त्यांनी ओंजळीने डोक्यावरून घेतला आणि मग शिंपला माझ्याकडे सरकवला.

एडमंटनहून

माझी चूक घाईची होती. फेंटानिल या अफूच्या जातीच्या तीव्र अमली पदार्थामुळे श्वास मंदावलेला एक तरुण स्वच्छतागृहात सापडला, तेव्हा नॅलोक्सोन हे त्यावरचे उतारा-औषध देऊन आणि दर पाच सेकंदांना एक श्वास देत राहून आम्ही त्याला शुद्धीवर आणले. तो डोळे उघडतो न उघडतो तोच मी त्याला दंडाला धरून उठवू लागलो, आणि त्याने मला जोरात ढकलले. मला राग आला, हे मी लपवत नाही. नॅलोक्सोनने अशा अमली पदार्थाचा परिणाम काही मिनिटांत उतरतो, अंगभर यातना सुरू होतात, आणि त्यातच अनोळखी चार माणसे वाकून पाहत असतात. तेव्हापासून मी जमिनीवर त्याच्या उंचीला बसतो, माझे नाव सांगतो, काय झाले ते सांगतो आणि खांद्याला हात लावू का, असे विचारतो. असे अनेकांना आम्ही परत आणले. दोघांना आणता आले नाही. त्यांच्याविषयी मी येथे लिहू शकणार नाही.

पुन्हा विनिपेगहून, दिवसपाळी

आमच्याकडे सगळेच व्यसनामुळे येतात, असा माझा समज होता. उत्तरेकडच्या, विमानाशिवाय पोचता न येणाऱ्या वस्तीतून डायलिसिससाठी शहरात आलेल्या आणि भाड्याची खोली सुटल्यामुळे निवाऱ्यात पोचलेल्या एका आजींनी तो मोडला. सगळे त्यांना ‘कोकम’ म्हणत. क्रीमध्ये आजीला असेच म्हणतात, आणि कोकणात वाढलेल्या मला पहिल्यांदा ती हाक ऐकून भरून आले.

रेजायनाहून

माझ्याकडे कागदपत्रांचे काम आहे. जन्मदाखल्यावाचून ओळखपत्र मिळत नाही आणि ओळखपत्रावाचून भाड्याच्या घराचा अर्ज पुढे सरकत नाही. एका बाईंना मी अर्जावरचे प्रश्न ओळीने विचारत होतो. ‘आईचे नाव’ येथे त्या थांबल्या. १९६० ते १९८०च्या दशकांत हजारो मूलनिवासी मुले घरांतून काढून गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली गेली, त्यांपैकी त्या एक होत्या. जन्माच्या वेळचे स्वतःचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. मी पेन खाली ठेवले आणि आजच पुढे जायचे का, असे विचारले. त्या नको म्हणाल्या. नोंदी मिळवायला आम्हाला अकरा महिने लागले. मूलनिवासींना ‘इंडियन’ म्हणणाऱ्या १८७६च्या ‘इंडियन अॅक्ट’ या कायद्याखाली मिळणारे कार्ड हातात आल्यावर त्यांनी त्यावरचा शब्द मला दाखवला आणि विचारले, “तूही इंडियन ना?” मग कार्ड परत न घेता त्या माझ्या टेबलाशी बसून राहिल्या, आणि त्यावर छापलेले आपले नाव त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावले.