तलाठ्यापेक्षा एआय बरा? बहिणीच्या हिश्श्यावरून

बांधकोरू: काल इथं एकानं ठोकून दिलं, ‘तलाठी-वकिलांचे उंबरे झिजवू नका, एआयला विचारा, दोन मिनिटांत काम.’ जोडीला स्वतःला मिळालेलं उत्तरही चिकटवलं: वडील ९ सप्टेंबर २००५ च्या आधी वारले असतील तर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला हिस्सा नाही. खाली अंगठ्यांची रांग! अहो, हा सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१५ च्या ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ निवाड्याचा पाढा झाला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. मुलीचा हक्क जन्मानं; ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असोत नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही, एवढंच. मधल्या पाच वर्षांत लिहिलेले लेख जालावर अजून तसेच पडलेत, बरेचसे तारखेविना. तेच उगाळून हे आपल्याला गंध लावतंय. माझा खरा राग वेगळाच आहे. बरोबर आणि चूक, दोन्ही ते एकाच सुरात सांगतं. आमच्याकडचा जुना कारकून खोटं बोलताना निदान खिडकीबाहेर बघायचा.

संगणकवाला: प्रश्न अर्धवट विचारायचा नि उत्तराला झोडायचं. मी आत्ता तेच विचारलं, पहिल्याच ओळीत विनीता शर्मा आलं. ‘नंतरचा निवाडा आहे का’ एवढं पुढं विचारायला काय जातं?

बांधकोरू: त्याला एक उत्तर, तुम्हाला दुसरं. हीच तर रड आहे! आणि नंतरचा निवाडा असतो हे ज्याला ठाऊक, तो यंत्राच्या दारी कशाला जाईल?

माहेरवाशीण: तारखा राहू द्या. वडील गेल्यावर भावानं दुय्यम निबंधकाकडे नेलं, म्हणाला वारस नोंदीची सही आहे. फोटो काढला, अंगठा घेतला, बाहेर येऊन मिसळ खाल्ली. घरी कागद वाचला तर हक्कसोडपत्र, म्हणजे माझा हिस्सा मी सोडला असं लिहून दिलेलं. तिथं हजर माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्या कागदाचा फोटो टाकून एआयला विचारता आलं असतं तर निदान हा शब्द तरी वेळेत कळला असता. तुमचा तो कारकूनही तिथंच असणार, खिडकीबाहेर बघत.

पाटीलकी: ताई, लग्नात खर्च झाला तो कोणाच्या हिश्श्यातून? आईबापाचं दुखणंखुपणं कोणी काढलं?

माहेरवाशीण: आई शेवटपर्यंत माझ्याकडे होती. आणखी काही?

पाटीलकी: सगळ्याच घरी तसं नसतं. इथं बांधावर राबणारा एक, नि सातबाऱ्यावर नावं सात.

संगणकवाला: धागा एआयचा आहे, भाऊबंदकीचा नाही.

माहेरवाशीण: प्रश्न कसा विचारायचा ते शिकवून झालं असेल तर जरा थांबा, भाऊ.

वकिलीणबाई: हक्कसोड फसवून घेतलं असेल तर ते रद्द करायला दावा लावता येतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. आता एआयचं. पक्षकार उत्तरं छापूनच येतात. त्यात महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती आणि केंद्राची २००५ ची यांची खिचडी असते. ‘२२ जून १९९४ पूर्वी लग्न झालं म्हणून हक्क नाही’ ही राज्याच्या जुन्या दुरुस्तीतली अट ऐकून एक बाई दोनदा परत गेल्या होत्या. अर्थात आमच्या बिरादरीनंही नाक वर करू नये. न्यूयॉर्कला २०२३ मध्ये वकिलांना चॅटजीपीटीनं रचलेल्या खटल्यांपायी ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये आयकराचा एक आदेश रद्द केला, त्यातले निवाडे अस्तित्वातच नव्हते.

संगणकवाला: मान्य, दाखला उघडून बघायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जालावर फुकट आहेत, कोणी उघडत नाही ही यंत्राची चूक?

बांधकोरू: नाही. पण ‘दोन मिनिटांत काम’ ही थाप कोणाची?

पाटीलकी: बरं बाबा, २०२० चं मानलं. मग सोसायटीचं कर्जही बहिणींनी जन्मानंच घ्यावं.

वकिलीणबाई: उपहासानं म्हणालात, पण कायदा तेच सांगतो. हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ वाचा, मुलीवर दायित्वंही मुलाइतकीच.

माहेरवाशीण: मी भावाला तसंच म्हटलं होतं, निम्मं कर्ज माझ्या नावावर कर. त्या दिवसापासून तो फोन उचलत नाही.