टाकी चकाचक ठेवतो, तरी मासे मरून राहिले, काहून?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं गाव आहे आमचं. पोरीसाठी दोन फुटी टाकी आणली, 24 बाय 12 बाय 12 इंची, त्यात चार गोल्डफिश, सहा मॉली, स्पंज फिल्टर अन् एअर पंप. दर रविवारी अख्खी टाकी रिकामी करतो, गोटे घासतो, फिल्टर नळाखाली पिळून पिळून धुतो, टाकी अशी होते की आरपार दिसते, अन् सोमवारी सकाळी एखादा मासा मेलेला असते. बाकीचे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात, कल्ले लाल पडले आहेत. दुकानदारानं निळं औषध दिलं, टाकलं, काही फरक नाही. पाऊस लागल्यापासून तर जास्तच होऊन राहिलं. नळाचं पाणी ग्रामपंचायतीचं, घरी बोर आहे पण ते खारं, त्यात डाळ शिजत नाही. आता दोन गोल्डफिश अन् तीन मॉली उरल्या. पोरगी रोज शाळेतून आली की पहिले टाकीजवळ जाते, मले तिला काय सांगावं समजत नाही. पाणी एवढं स्वच्छ ठेवून मासे कायले मरतात?

आर्वीवाला
भाऊ, पाणी स्वच्छ दिसणं वेगळं अन् माशाला चालणं वेगळं. मासे जे घाण करतात अन् जे खाणं खाली उरते त्याच्यातून अमोनिया तयार होते, तो डोळ्यांना दिसत नाही पण माशाचे कल्ले जाळते. टाकीत एक जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विष, नायट्रेट त्यामानानं सौम्य, पाणी बदललं की निघून जाते. हे जिवाणू राहतात कुठं तर फिल्टरच्या स्पंजात अन् गोट्यांवर. नवीन टाकीत ते बसायला 4 ते 6 आठवडे लागतात, अन् तुम्ही दर रविवारी त्यांना नळाखाली धुऊन काढता, म्हणजे टाकी दर सोमवारी नवीकोरी. ते निळं औषध मिथिलीन ब्लू असेल, ते पण या जिवाणूंना मारते, चालू टाकीत टाकायची वस्तू नाही ती.

दुसरं नळाचं. पावसाळ्यात गॅस्ट्रोच्या भीतीनं पंचायत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) वाढवते अन् ते बरोबरच आहे, माणसासाठी पाहिजेच. पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले अन् जिवाणू दोन्ही मारते. बादलीत पाणी काढून वास घ्या, समजेल. पाणी 24 तास उघड्या ड्रममध्ये ठेवा, त्यात एअर पंपाची एक नळी सोडा, मंग वापरा. घाई असेल तर अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात अँटिक्लोरीन मिळते, खडे किंवा थेंब, डब्यावर लिहिलंय तेवढंच टाकायचं.

अन् टाकी पूर्ण रिकामी करणं आजपासून बंद. आठवड्यातून एकदा पाव पाणी नळीनं खालच्या गोट्यांतून ओढून काढा, घाण तिथंच बसते. काढलेलं ते पाणी बादलीत घ्या अन् स्पंज त्याच पाण्यात दोनदा हलका दाबा, बस. तो तपकिरी दिसला पाहिजे, तपकिरी म्हणजे जिवंत.

अकोट_ताई
दादा, एक विचारते, पाणी भरायची बादली कोणती आहे? आमच्याकडं कपाशीची फवारणी चालू झाली की घरातला ड्रम, बादली, मग्गा सगळं त्यातच फिरते. फवारणीची औषधं माशांना फार लवकर लागतात, त्यातही पायरेथ्रॉइडवाली तर अगदी थोडीशीही पुरते, बादली साबणानं धुतली तरी भरवसा नाही. टाकीची बादली वेगळ्या रंगाची घ्या, तिला कोणालाच हात लावू देऊ नका, अन् फवारून आलेल्या माणसानं टाकीत हात घालू नये. मच्छर अगरबत्ती अन् ते लिक्विडचं मशीन यात पण त्याच घराण्यातलं औषध असते अन् एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडते, म्हणून टाकीच्या खोलीत ते लावूच नका.

पूर्णाकाठ
ताई, बादली तर तीच आहे जी शेतात जाते. आज वेगळी आणतो. आर्वीवाले भाऊ, मंग नळाचं सोडून बोरचंच वापरलं तर? त्यात टीसीएल नसते. अन् उरलेल्या पाच जणांचं आता काय करू?

खारपाण_अकोला
भाऊ, मी तुमच्याच पट्ट्यातला, म्हणून बोरचं मी सांगतो. क्लोरीन नसते हे खरं, पण बोरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन कमी असते, ते पण ड्रममध्ये हवा देऊन मुरवावंच लागते. अन् खारेपणा. ज्या दुकानातून आरओचा जार आणता तिथं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) राहते, बोरचं पाणी नेऊन मोजून घ्या. मॉलीला खारं पाणी मानवते, गप्पीला पण, गोल्डफिशला तितकं नाही. आरओ अन् बोर अर्धं अर्धं मिसळलं तर चांगलं बसते. नुसतं आरओ नको, त्यात क्षारच नसतात, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) टिकत नाही. एकदा जे पाणी ठरवलं ते दर वेळी तेच ठेवा, आज नळ उद्या बोर असं केलं की मासा तिथंच खचते.

आपल्याकडचं पाणी अल्कलाइन, पीएच 8 च्या आसपास, अन् हे फार महत्त्वाचं आहे, कारण पीएच 7 चा 8 झाला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होते, वरून गरमी असली की आणखी वाढते. म्हणून पुण्या-मुंबईच्या टाकीत जे खपून जाते ते आपल्याकडं खपत नाही. उन्हाळ्यात पाणी उडते तेव्हा वरून फक्त आरओचं टाका, कारण वाफ होते पाण्याची, क्षार खालीच राहतात, बोरचं टाकत गेलं की खारेपणा वाढतच जाते.

लाइट गेली तर मग्ग्यानं पाणी वर काढून उंचावरून टाकीत सोडत राहा, तेवढी हवा मिळते. रात्रीचं जमत नाही म्हणून सेलवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा. लाइट नसेल त्या दिवशी खाणं बंद.

आर्वीवाला
उरलेल्या पाच जणांचं असं करा. दोन दिवस खाणं अजिबात नको, मासा उपाशी मरत नाही. रोज पाव पाणी बदला, मुरवलेल्या पाण्यानं, टाकीतल्या अन् नव्या पाण्याची गरमी सारखी पाहून. स्पंजाला हात लावू नका. नळाचं पाणी असेल तर लिटरमागं 1 ग्रॅम जाडं मीठ आधी मग्ग्यात विरघळवून टाका, नायट्राइटचा त्रास त्यानं कमी होते. तुमची टाकी भरून 56 लिटरची, गोटे अन् वरची मोकळी जागा सोडून 50 धरा, म्हणजे 50 ग्रॅम, एकदाच, अन् पुढं जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच. बोरचं मिसळत असाल तर मीठ नको. जमलं तर थेंबवालं टेस्ट किट मागवा, अमोनिया अन् नायट्राइट दोन्ही शून्य यायला पाहिजे, ते शून्य येऊन टिकल्याशिवाय एकही नवीन मासा आणू नका. अन् गोल्डफिश या टाकीत दोनच्या वर कधीच नको, खूप घाण करतात ते. पोरीला हवेच असतील तर पुढं मॉली अन् गप्पी वाढवा, त्यांची पिल्लं होतात घरीच.

पूर्णाकाठ
ड्रम भरून ठेवला, एअर पंपाची नळी सोडली त्यात. बादली हिरवी आणली, पोरीनं तिच्यावर मासा काढला पेननं. उद्या आरओवाल्याकडून टीडीएस मोजून इथं टाकतो.