‘डच मंत्री’ म्हणावं की ‘डच पाळक’?

प्रश्न : फ्रांस्वा व्हालेंटेन (१६६६–१७२७) यांच्यावर टिपण लिहितेय. एका मराठी लेखात त्यांना ‘डच मंत्री व विद्वान’ म्हटलंय. ते कोणत्याही सरकारात मंत्री नव्हते. इंग्रजी ‘मिनिस्टर’चा तो घोटाळा आहे; त्याचा अर्थ चर्चचा धर्मोपदेशक असाही होतो. मग ‘पाद्री’ चालेल का?

– ‘पाद्री’ आपण सरसकट सगळ्यांना लावतो खरं, पण इथे मला खटकतो. मूळ पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे बाप. त्याला कॅथलिक वास आहे. व्हालेंटेन प्रॉटेस्टंटांतल्या रिफॉर्म्ड पंथाचे, संसारी गृहस्थ. पगार डच ईस्ट इंडिया कंपनीचा, नेमणूक आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन या लवंगांच्या बेटावर. त्यांचं पद ‘प्रेडिकांट’, म्हणजे प्रवचन करणारा. मराठी बायबलात ‘उपदेशक’ नावाचं पुस्तकच आहे, तो शब्द घ्या.

– ‘उपदेशक’ अर्थाने बरोबर, पण त्यात मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, सांभाळणं येत नाही. बाप्तिस्मा, लग्न, शाळांची देखरेख, आजाऱ्यांच्या भेटी हेही प्रेडिकांटचंच काम. आमच्या नगरकडे मंडळीत सगळे ‘पाळकसाहेब’ म्हणतात. ‘पाळक’च लिहा.

– ‘पाळक’ला माझाही दुजोरा, आणि कारण व्हालेंटेन यांच्याच आयुष्यात आहे. बायबल मलय भाषेत आणताना त्यांचा आग्रह होता की बाजारात, घरात बोलली जाते ती साधी मलय वापरा. ग्रांथिक मलय अंबोनच्या लोकांना कळत नाही. चर्चने मात्र लायडेकर या दुसऱ्या डच पाळकाचं ग्रांथिक भाषांतर निवडलं. ते १७३३ साली पूर्ण छापलं गेलं. व्हालेंटेन यांचं कधीच छापलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. १७२४ ते १७२६ मध्ये ‘जुने आणि नवे ईस्ट इंडीज’चे पाच खंड काढणारा हा माणूस. त्यांत अंबोनवरचे निसर्ग-अभ्यासक रुम्फियस यांचं बरंच लेखन नाव न घेता उचलल्याचा आरोप आहे, तोही टिपणात यायला हवा. पण भाषेबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच लोकांच्या तोंडचा ‘पाळक’.

– थोडं अवांतर : डचांना आपला जुना शब्द ‘वलंदेज’. आज्ञापत्रात इंग्रज, फरासीस यांच्या जोडीला तोच येतो. वेंगुर्ल्याच्या डच वखारीबद्दल लिहिताना मी आवर्जून वापरतो.

– आभार. ‘वलंदेज’ मोहात पाडतोय, पण टिपण शाळेतल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे ‘डच’च ठेवते. पहिलं वाक्य असं केलंय : ‘फ्रांस्वा व्हालेंटेन हे अंबोन बेटावरचे डच पाळक होते.’