पोकलेन गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लागतो: इंजिन उघडावे का?

प्रश्न – वाघोलीकर

नमस्कार. आमच्या दगडखाणीवर वीस टनी पोकलेन आहे. सहा सिलिंडरचे, यांत्रिक डिझेल पंपाचे इंजिन असून मीटरवर ९,१०० तास झाले आहेत. सकाळी यंत्र सुरू केल्यावर काहीही तक्रार नसते. परंतु दोन-अडीच तास ब्रेकर (दगड फोडणारा हातोडा) चालवल्यानंतर डंपरची वाट पाहत ऑपरेटरने लिव्हर सोडले आणि ऑटो आयडलमुळे (काम थांबताच रेस आपोआप कमी करणारी सोय) इंजिन आयडलला, म्हणजे कमीत कमी फेऱ्यांवर आले, की ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागतो. रेस वाढवली की तो विझतो. १५डब्ल्यू-४० ऑइल आणि फिल्टर बदलून जेमतेम १२० तास झाले आहेत आणि इंजिनाच्या आवाजात फरक जाणवत नाही.

मिस्त्रींच्या मते ऑइल पंप गेला आहे. चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवायचेच आहे तर क्रँकची मेन आणि बिग एंडची बेअरिंगेही बदलून घ्यावीत, असे ते म्हणतात. शेजारच्या खाणीवरून २०डब्ल्यू-५० ऑइल घालण्याचा सल्ला मिळाला आहे. इंजिन उघडण्यापूर्वी बाहेरून काय तपासता येईल?

उत्तर – जुना फिटर

सर्वप्रथम, दिवा लागलेला असताना यंत्र चालवणे आजच थांबवावे. दिवा खोटा निघाला तर एक दिवस वाया जाईल, खरा निघाला तर क्रँक जाईल.

पंपावर संशय घेण्याची घाई करू नये. पंप केवळ ऑइल ढकलतो. दाब निर्माण होतो तो ऑइलच्या वाटेत बेअरिंगांच्या बारीक फटींनी केलेल्या अडथळ्यामुळे. त्या फटी वाढल्या किंवा ऑइलच पातळ झाले, तर नवा कोरा पंपही आयडलला दाब धरू शकत नाही. माझ्या अनुभवात बदललेल्या दर दहा पंपांपैकी बरेचसे निर्दोष होते.

दिव्याचा स्विच काढून त्या जागी टी-जॉइंट बसवावा आणि यांत्रिक गेज लावावे. वायर घासून चॅसिसला टेकली तरी दिवा लागतो, पण तो रेसबरोबर इतक्या शिस्तीने विझत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत दाब खरोखरच पडत असावा. गेजवर थंड इंजिनाचा आकडा पाहून समाधान मानू नये. यंत्र पूर्ण तापल्यावर आयडलला आणि कामाच्या रेसला, असे दोन्ही आकडे घ्यावेत व तुमच्या इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून पाहावेत. अंदाज यावा म्हणून सांगतो, कमिन्सच्या बी मालिकेतील ५.९ लिटर इंजिनासाठी गरम आयडलला किमान ०.७ बार आणि रेटेड रेसला किमान २.०७ बार अशी मर्यादा दिलेली आहे.

आकड्यापेक्षा काटा कसा वागतो ते अधिक बोलके असते. रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेत) कचरा अडकून तो उघडा राहिला असेल, तर दाब थंड आणि गरम, दोन्ही वेळी कमीच राहतो. काटा थरथरत असेल आणि ऑइलला फेस येत असेल, तर सक्शन पाइपच्या सीलमधून हवा ओढली जात असल्याचा संशय घ्यावा. थंड असताना भरपूर, गरम आयडलला कमी आणि रेसबरोबर वाढणारा दाब ही मात्र झिजलेल्या बेअरिंगांची किंवा पातळ झालेल्या ऑइलची खूण आहे. या दोहोंत फरक करण्याची पहिली तपासणी फुकट आहे: ऑइलची काडी ओढा, पातळी पाहा आणि वास घ्या.

उत्तर – वंगणवेडा

२०डब्ल्यू-५० घालू नये. जाड ऑइलने आकडा वर दिसेल, दिवाही विझेल, पण मूळ दोष झाकला जाईल; शिवाय पहाटेच्या थंडीत टर्बोपर्यंत ऑइल पोहोचायला अधिक वेळ लागेल. ४० ग्रेडच्या ऑइलची श्यानता (घट्टपणा) १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असावी लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात ती १२.५ च्या बरीच खाली आली आणि फ्लॅश पॉइंटही (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) घसरला, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत आहे असे समजावे. त्याच नमुन्यात शिसे, तांबे आणि कथिल वाढलेले असतील तर बेअरिंगांचा थर निघू लागला आहे. खाणीच्या यंत्रात सिलिकॉनचा आकडाही पाहावा, कारण एअर क्लीनरच्या फाटलेल्या नळीतून शिरलेली धूळ बेअरिंगे आणि लायनर दोन्ही खाते.

वाघोलीकर

गेज लावले. थंड आयडलला ३.६ बार, पूर्ण गरम झाल्यावर आयडलला ०.५ आणि २,००० फेऱ्यांना २.१ बार मिळाले. काटा स्थिर होता. काडीवर मात्र ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर निघाले आणि डिझेलचा स्पष्ट वास आला. पूर्वी दर शंभर तासांना सुमारे लिटरभर ऑइल घालावे लागे. या वेळी एकदाही घालावे लागले नाही, याचा आम्हाला आनंदच झाला होता.

जुना फिटर

ऑइल आपोआप वाढत नाही, हे ऑपरेटरच्या वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. आता हे ऑइल बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नये. तुमच्या इंजिनाचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा) ब्लॉकला बसून कॅमवर चालणारा असेल, तर त्याचे बोल्ट सोडून, नळ्या तशाच ठेवून तो बाहेर घ्यावा आणि हाताने प्राइम करावा. कॅमकडच्या बाजूने डिझेल ठिबकले तर चोर सापडला. तेथे कोरडे निघाले तर मुख्य डिझेल पंपाच्या शाफ्टचे सील आणि त्यानंतर नोझल तपासावेत.

वाघोलीकर

फीड पंपाच्या लिव्हरकडच्या बाजूने डिझेल अक्षरशः पाझरत होते. पंप बदलला, त्याच ग्रेडचे नवे ऑइल आणि फिल्टर टाकले. काल तीन तास ब्रेकर चालवल्यानंतर गरम आयडलला १.१ आणि २,००० फेऱ्यांना ३.२ बार आहे. आता बेअरिंगे पाहण्याची गरज उरली आहे का?

वंगणवेडा

दाब परत आला, म्हणजे फटी फार वाढलेल्या नाहीत. पण पातळ ऑइलवर ब्रेकरचे काम किती तास झाले ते कोणालाच माहीत नाही. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरून पाहा. चमकदार पापुद्रे दिसले तर चेंबर उतरवून निदान एका बिग एंडची कॅप तरी उघडावी.

वाघोलीकर

फिल्टर त्याच संध्याकाळी भंगारात गेला. गेज टी-जॉइंटवर तसेच ठेवले आहे. ५० तासांनी नमुना पाठवतो आणि अहवाल येथे लिहितो.